नवख्या घोड्याची पहिली शर्यत

श्रोतेहो, ‘घोडामैदान जवळच आहे’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. बढाया मारणाऱ्या मनुष्याला आपण ती ऐकवतों. तिचा अर्थ असा कीं, आतां परीक्षा होईलच. खरें काय आणि खोटें काय तें मैदानांत ठरेल. म्हणीपुरतें हें ठीक आहे. परंतु ज्या घोड्यानें तें मैदान आजवर एकदांहि पाहिलेलें नाहीं, त्याच्या बाबतींत पहिला दिवस परीक्षेचा समजावा कीं पाठाचा, हा प्रश्न शर्यतींच्या इतिहासांत दोनशें वर्षांहून अधिक काळ वादाचा होऊन राहिलेला आहे. त्या वादाचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढें मांडावा असा माझा विचार आहे.

वादाचें मूळ असें कीं, नवख्या घोड्यावर बसलेल्या स्वाराला एकाच वेळीं दोन धन्यांची चाकरी करावी लागते. एक धनी म्हणजे तें मुकें जनावर. त्याचें वय उणेंपुरें दोन वर्षांचें, हाडें अजून कोवळीं, आणि आजचा अनुभव त्याच्या मनावर कायमचा ठसणारा. दुसरा धनी म्हणजे कठड्याबाहेर उभा असलेला मनुष्य. त्यानें घोड्याच्या नांवावर पैसे लावलेले असतात, आणि स्वारानें जिंकण्याचा मनापासून प्रयत्न करावा ही त्याची मागणी वाजवीच असते. स्वारानें घोड्याला फार जपलें तर पैसे लावणारा म्हणतो, मला फसविलें. आणि फार पिटाळलें तर घोडा पुढच्या वेळीं मैदानाकडे पाऊल टाकण्यासच कुरकुर करतो.

घोड्याला पहिला धडा कसा द्यावा याविषयींचा विचार शर्यतींहून फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें सांगितलें आहे कीं, तरुण घोड्याला गर्दींतून फिरवावें, नाना प्रकारचे आवाज आणि देखावे यांची त्याला संवय लावावी, आणि रागाच्या भरांत त्याच्याशीं कधींहि वागूं नये. घोडा ज्या वस्तूला भितो तिच्याकडे त्याला मारून नेलें तर भीति वाढते. कारण झालेली वेदना त्या वस्तूमुळेंच झाली अशी त्याची समजूत होते. हें निरीक्षण इतकें अचूक आहे कीं, पुढच्या सर्व इतिहासाची किल्ली त्यांतच सांपडते. आपल्याकडेहि नवीं घोडीं फेरून तयार करणाऱ्यास चाबुकस्वार म्हणत. शब्दांत चाबूक असला तरी घोडें फेरण्याचें काम दिवसगतीनें, रोज थोडें थोडें, असेंच करावें लागे.

इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या आरंभीं हा वाद निघण्याचें कारणच नव्हतें. त्या काळीं शर्यतींत उतरणारे घोडे पांच-सहा वर्षांचे, पूर्ण वाढलेले असत. राजाच्या नांवें दिल्या जाणाऱ्या बक्षिसांसाठीं ते चार-चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवसांत दोनदां-तीनदां धांवत. सुप्रसिद्ध एक्लिप्स हा घोडा १७६४ सालीं जन्मला आणि ३ मे १७६९ रोजीं, म्हणजे पांच वर्षांचा झाल्यावर, एप्सम येथें पहिल्यानें शर्यतींत उतरला. अठरा शर्यती धांवून आणि एकहि न हरतां तो १७७० मध्यें निवृत्त झाला. अशा घोड्याला पहिल्या दिवशीं जपावें कीं पिटाळावें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं, कारण मैदानांत येण्यापूर्वीच तो प्रौढ झालेला होता.

पण पांच वर्षें घोड्याला बसवून खायला घालणें कोणाला परवडणार? मालकाला पैशाचा परतावा लवकर हवा होता आणि प्रेक्षकांना आखूड, वेगवान, चुरशीच्या शर्यती हव्या होत्या. १७७६ सालीं सेंट लेजर, १७७९ सालीं ओक्स आणि १७८० सालीं डर्बी अशा तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. १७८६ मध्यें न्यूमार्केट येथें जुलै स्टेक्स ही खास दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. पुढें पुढें लोभ इतका वाढला कीं, एक वर्षाच्या शिंगरांनाहि मैदानांत उतरविण्यांत येऊं लागलें. ही चाल १८५९ च्या सुमारास बंद करण्यांत आली. शिवाय १८३४ पासून न्यूमार्केटला घोड्याचें वय १ जानेवारीपासून मोजण्याचा नियम झाला. त्यापूर्वीं तें १ मेपासून मोजीत. त्यामुळें एप्रिल-मे महिन्यांत जन्मलेलें शिंगरूं कागदावर दोन वर्षांचें झालें तरी प्रत्यक्षांत पावणेदोनहि वर्षांचें नसे. नवख्या घोड्याचा प्रश्न निर्माण झाला तो असा, मनुष्याच्या घाईंतून.

आतां त्या दिवशीं त्या जनावरावर काय प्रसंग गुदरतो तें पाहूं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्याला जवळजवळ सर्व बाजूंचें दिसतें. फक्त कपाळासमोरची जरा जागा आणि ढुंगणामागची जागा तेवढी त्याच्या नजरेआड राहते. हरणाप्रमाणेंच पळून जीव वाचविणाऱ्या जातींपैकीं तो आहे. अशा जनावराभोंवतीं त्या दिवशीं हजारों अनोळखी माणसें, रंगीबेरंगी कपडे, छत्र्या आणि कर्ण्यांतून येणारे आवाज असतात. रोजचा मोतद्दार लगाम सोडून देतो. मग सुटण्याच्या जागीं लोखंडी फाटकांत त्याला कोंडतात; घंटी वाजते, फाटकें धाडकन उघडतात, आणि पुढच्या घोड्यांच्या टापांखालचीं मातीचीं ढेंकळें तोंडावर येऊं लागतात. घरच्या मैदानावर तो ओळखीच्या दोन-तीन घोड्यांबरोबर धांवलेला असतो. येथें दहा-बारा अनोळखी घोडे त्याला दोन्हीं बाजूंनीं चेपीत असतात. यांतील एकेक गोष्ट त्याच्या दृष्टीनें भिण्यासारखीच आहे.

म्हणून जाणता स्वार पुढीलप्रमाणें वागतो. सुटण्याच्या जागेकडे जातांना तो घोड्याला एखाद्या शांत, अनुभवी घोड्याच्या सोबतीनें नेतो. फाटक उघडल्यावर घोडा क्षणभर गोंधळला तर त्याला शिक्षा करीत नाहीं. आयाळ किंवा गळ्यांतला पट्टा धरून स्वतःचा तोल सांभाळतो आणि लगामाला हिसका बसूं देत नाहीं, कारण पहिल्याच उडीला तोंड दुखावलें तर घोडा ती उडी विसरत नाहीं. पहिल्या दोन फर्लांगांत त्याला दुसऱ्यांच्या मागें, पण थोडें अंतर राखून, जागा शोधून देतो, म्हणजे तोंडावर माती येऊनहि कांहीं बिघडत नाहीं हें त्याला समजतें. शक्य तर कठड्याजवळून नेतो, म्हणजे नवख्या घोड्याला सरळ धांवण्यास आधार मिळतो. मैदानाच्या मध्यावर हात आणि टांचा यांनींच हळूहळू वेग मागतो. शेवटच्या फर्लांगांत घोडा इकडे तिकडे पाहूं लागला तर त्याचें तोंड सरळ ठेवतो, आणि पुढचा एखादा थकलेला घोडा मागें टाकण्याची संधि त्याला मिळवून देतो. दुसऱ्याला मागें टाकण्यांत कांहीं गोडी आहे हें घोड्याला एकदां कळलें कीं, अर्धें शिक्षण झालें. खुणेचा खांब ओलांडल्यावरहि एकदम लगाम न खेंचतां त्याला सावकाश थांबवतो आणि मानेवर थाप मारतो.

हें सर्व ऐकावयास सोपें वाटतें. पण याच मृदु हाताचा लोकांना नेहमीं संशय येत आला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सॅम्युएल चिफनी हा इंग्लंडांतला नामांकित जॉकी होता. लगाम इतका हलका धरावा कीं जणूं तो रेशमाच्या तंतूचा आहे, असें त्याचें शास्त्र होतें. आरंभीं घोड्याला सांभाळून शेवटीं पुढें काढण्याची रीत त्यानें गाजविली. १७९१ सालीं २० ऑक्टोबरला न्यूमार्केट येथें युवराजांचा एस्केप नांवाचा घोडा त्यानें चालविला. घोडा लोकांच्या विशेष पसंतीचा असूनहि सर्वांच्या मागें राहिला. दुसऱ्याच दिवशीं अधिक लांबीच्या शर्यतींत, भाव वाढलेला असतांना, तोच घोडा तोच जॉकी बसून जिंकला. गहजब झाला. घोड्याला आदल्या दिवशीं धांव मिळाल्यामुळेंच तो मोकळा झाला असें चिफनीचें म्हणणें. पण जॉकी क्लबचे सर चार्ल्स बन्बरी यांनीं युवराजांस बजावलें कीं, चिफनी आपल्या घोड्यांवर बसणार असेल तर कोणी सद्गृहस्थ आपल्याविरुद्ध घोडा उतरविणार नाहीं. युवराज न्यूमार्केट सोडून गेले. चिफनी पुढें कर्जबाजारी होऊन १८०७ मध्यें तुरुंगांतच वारला.

एस्केप हा कांहीं नवखा घोडा नव्हता. परंतु या प्रकरणानें एक गोष्ट कायमची शिकविली. ‘आजची शर्यत ही उद्यांची तयारी’ असें म्हणण्याची मुभा एकदां दिली कीं, त्या आडून लबाडी करणाऱ्यालाहि वाट मोकळी होते. पहिल्या दोन-तीन शर्यती घोड्याला मुद्दाम मागें ठेवावयाचें, त्याचा भाव वाढूं द्यावयाचा, आणि मग एके दिवशीं त्याच्यावर भरपूर पैसे लावून त्याला सोडावयाचें, हा धंदा यांतूनच जन्मला. म्हणून इंग्लंडांतील नियमांनीं पुढें स्पष्टपणें ठरविलें कीं, प्रत्येक घोड्याला त्याच्या योग्यतेप्रमाणें धांवूं दिलें पाहिजे, मैदानाची शाळा करतां कामा नये, आणि शक्य तितका वरचा क्रमांक मिळविण्याचा स्वाराचा प्रयत्न वेळेवर व खरोखरीचा असला पाहिजे. नियम नवख्या घोड्यालाहि लागू आहे.

मग दया आणि प्रामाणिकपणा यांचा मेळ कसा घालावयाचा? त्याचें उत्तर पुस्तकांपेक्षां जॉकींच्या हातांनीं अधिक चांगलें दिलें आहे. एकोणिसाव्या शतकांत जॉर्ज फोर्डहॅम हा चौदा वेळां इंग्लंडचा अग्रगण्य जॉकी ठरला. दोन वर्षांच्या शिंगरांना हळुवारपणें हांताळण्याबद्दल त्याची ख्याति होती. चाबूक तो क्वचितच उगारी, पण जिंकण्याच्या बाबतींत त्याच्याएवढा धूर्त दुसरा कोणी नव्हता. आपला घोडा संपला असें भासवून तो प्रतिस्पर्ध्याला बेसावध करी आणि शेवटच्या कांहीं ढांगांत पुढें जाई. त्याच्यामागून आलेला फ्रेड आर्चर तेरा वेळां अग्रगण्य ठरला आणि २,७४८ शर्यती जिंकून वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, १८८६ सालीं, आत्महत्या करून गेला. चाबूक आणि टांचेचे काटे वापरतांना आर्चर कचरत नसे. दोघेहि मोठे, पण कोवळ्या घोड्याची गोष्ट निघाली कीं जाणत्यांना आठवण होते ती फोर्डहॅमची.

विसाव्या शतकांत स्टीव्ह डॉनह्यू यानें तीच परंपरा चालविली. १९१३ सालीं ठिपकेदार करड्या रंगाचा टेट्रार्क नांवाचा दोन वर्षांचा घोडा न्यूमार्केटला पहिल्यानें उतरला तेव्हां डॉनह्यू त्याच्यावर होता. घोडा पहिल्याच दिवशीं सहज जिंकला आणि त्या वर्षीं सातहि शर्यती त्यानें मारल्या. या यशाचें रहस्य पहिल्या दिवसाच्या आधीं होतें. त्याचा शिक्षक ॲटी पर्स यानें त्याला घरच्या मैदानावर मोठ्या घोड्यांबरोबर धांववून आणि चपळाईनें सुटण्यास शिकवून आणलें होतें. पर्सचीं शिंगरें पहिल्या दिवशींच तयार असतात असा लौकिकच होता. म्हणजे पाठ घरीं झाला असेल तर मैदानांत स्वाराला घोड्याला जपण्यासाठीं लोकांना फसवावें लागत नाहीं, आणि लोकांचें समाधान करण्यासाठीं घोड्याला मारावें लागत नाहीं. १९२१ सालीं याच डॉनह्यूनें ह्युमरिस्ट या घोड्यावर चाबूक न उगारतां डर्बी जिंकली. कांहीं आठवड्यांतच तो घोडा मेला, आणि त्याचें फुफ्फुस क्षयानें पोंखरलेलें होतें असें आढळून आलें. घोडा आपल्या परीनें सर्व कांहीं देत आहे हें ज्या हातांना समजलें, त्यांना चाबकाची गरज वाटली नाहीं.

पहिल्या दिवसाच्या निकालावर विसंबूं नये याचे दाखलेहि पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाचा फार लॅप १९२९ सालीं सिडनीजवळ रोझहिल येथें पहिल्या शर्यतींत सर्वांत शेवटीं आला. पुढच्याच वर्षीं त्यानें मेलबर्न कप जिंकला. अमेरिकेचा सेक्रेटेरियट ४ जुलै १९७२ रोजीं पहिल्यानें धांवला. सुटतांच त्याला दुसऱ्या घोड्याची जोराची धडक बसली आणि तो चौथा आला. पाठीवरचा पॉल फेलिसियानो हाहि उमेदवारच होता. अकरा दिवसांनीं तोच स्वार बसून तो घोडा सहा लांबींनीं जिंकला, आणि १९७३ सालीं बेलमाँट स्टेक्स त्यानें एकतीस लांबींनीं मारली. उलट सीबिस्किट या घोड्याला दोन वर्षांच्या वयांत तब्बल पस्तीस वेळां धांववण्यांत आलें. पहिल्या सतरा शर्यतींत त्याला एकहि विजय मिळाला नाहीं, आणि तो आळशी व चिडखोर ठरला. १९३६ सालीं टॉम स्मिथ या अबोल शिक्षकानें त्याला हातीं घेतलें, विश्रांति दिली, सोबतीला एक शांत घोडा दिला, आणि १९३८ सालीं त्यानें वॉर ॲडमिरलचा पराभव केला. लहानपणीं झालेली चूक सुधारतां येते, पण तीस केवढा वेळ आणि केवढी माया लागते हें या उदाहरणावरून दिसतें.

अलीकडच्या काळांत कायदाहि हळूहळू फोर्डहॅमच्या बाजूला झुकला आहे. नॉर्वेनें १९८२ सालीं घोड्याला पिटाळण्यासाठीं चाबूक मारण्यास बंदी केली. ब्रिटनमध्यें २०११ सालीं सपाट शर्यतींत सात फटक्यांची मर्यादा घालण्यांत आली. २०२३ मध्यें ती सहावर आणली, आणि मर्यादेपेक्षां चार किंवा अधिक फटके मारल्यास घोडाच बाद ठरूं लागला. जो घोडा प्रतिसाद देत नाहीं, किंवा ज्याला आतां कांहींच मिळण्यासारखें नाहीं, त्याला मारणें हाहि तेथें गुन्हा आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं घोड्याच्या व मनुष्याच्या कातडीची तुलना केली, तेव्हां वेदना जाणण्याच्या बाबतींत घोड्याची कातडी आपल्याहून कमी हळवी आहे या समजुतीला आधार मिळाला नाहीं. झेनोफननें जें डोळ्यांनीं पाहिलें तें अशा रीतीनें सूक्ष्मदर्शकाखालींहि दिसूं लागलें आहे.

१३ ऑगस्ट २०१० रोजीं न्यूमार्केट येथें नवख्या घोड्यांची एक मैलाची शर्यत झाली. मैदान मऊ होतें. फ्रँकेल नांवाचा घोडा, टॉम क्वीली त्याच्यावर असतांना, अवघ्या अर्ध्या लांबीनें जिंकला. दुसरा आला तो नॅथॅनियल. दोघांचीहि ती पहिलीच शर्यत होती. नॅथॅनियलनें पुढच्या वर्षीं ॲस्कट येथील किंग जॉर्जच्या नांवाची मोठी शर्यत मारली, आणि फ्रँकेल चौदा शर्यती धांवून एकहि न हरतां २०१२ मध्यें निवृत्त झाला. फ्रँकेलच्या अंगीं वेग अनावर होता. त्याला आवरून, शांत करून, स्वतःच्या शक्तीचा मालक बनविण्यासाठीं हेन्री सेसिल यांनीं आणि त्यांच्या माणसांनीं रोजच्या सरावांत अपार कष्ट घेतले. लोकांना मैदानांत जें दिसलें त्याचा पाया पहांटेच्या धुक्यांत घातला गेला होता.

आपल्या मुंबईस आणि पुण्यास हा विषय परका नाहीं. पुण्याचें मैदान १८३० चें, महालक्ष्मीचें १८८३ चें, आणि इंडियन डर्बी ही शर्यत १९४३ पासूनची. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा व पुण्याचा पावसाळ्याचा. दोन्हीकडे दरवर्षीं कोवळे घोडे पहिल्यानें मैदान पाहतात. शर्यतीचा शौक चांगला कीं वाईट, पैजेनें किती घरें धुळीस मिळालीं, हा निराळा आणि गंभीर विषय आहे. त्याची चर्चा आज केली नाहीं. परंतु आपल्यापैकीं कोणी कधीं त्या कठड्याशीं उभे राहिलेच, तर नवख्यांच्या शर्यतींत चाबकाकडे पाहूं नये. स्वाराच्या हाताकडे पाहावें. हात पुढें, घोड्याच्या मानेबरोबर हलत असेल, खांबापर्यंत थांबला नसेल, आणि घोडा कान उभे ठेवून परत येत असेल, तर दोन्ही धन्यांची चाकरी नीट झाली असें खुशाल समजावें. हात मागें खेंचलेला असेल तर कोणाची तरी फसवणूक झाली, आणि हात वर उगारलेला असेल तर त्या जनावराकडून उद्यांचें भांडवल आज काढून घेतलें गेलें.

निकाल लागल्यावर लोक फळ्यावरचे आंकडे पाहतात आणि पुढच्या शर्यतीकडे वळतात. घोड्याला मात्र आंकडे कळत नाहींत. त्या मैदानांत आपणांस कसें वागविलें गेलें एवढेंच तो बरोबर घेऊन जातो, आणि पुढच्या खेपेला तेंच घेऊन येतो. पहिल्या दिवशीं स्वारानें हें विसरतां कामा नये, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.